कान पुरत नाही

गणपतीत फ्रीगंजातल्या एका घरी आरतीला गेलो होतो. उज्जैनच्या मराठी घरात आरती आटोपली की प्रसाद येतो आणि प्रसादामागून वाद. यंदा वादाचा बकरा मी होतो. तिथे भेटलेल्या एका स्नेह्यांची (त्यांना भाऊसाहेब म्हणू) दगड दळायची गिरणी आहे. क्वार्ट्झ, फेल्डस्पार, मधूनच कॅल्साइट. ती कुठे आहे ते सांगत नाही, कारण मला त्यांच्याशी मैत्री टिकवायची आहे. मी कधीकाळी मुलांना हाच विषय शिकवत असे, हे त्यांना ठाऊक. मोदक हातात घेऊन त्यांनी सुरुवात केली.

"अहो प्रोफेसर, गिरणी ऐकायची असते, पडद्यावर बघायची नसते. माझा मिस्त्री नुसता ड्रमजवळ उभा राहिला की सांगतो, माल जास्त झालाय की कमी. तुमचं ते सिम्युलेशन, ती कॉम्प्युटरवरची गिरणी, म्हणजे चित्रातल्या चुलीवरचा भात. ऑस्ट्रेलियातल्या तांब्याच्या खाणवाल्यांनी करावं ते. आम्ही दिवसाला वीस टनवाले. आणि कॉम्प्युटर आला की माणसं घरी बसतात, ते निराळंच."

बसलेल्यांनी माना डोलावल्या. समईसमोर आवाज चढवायचा नाही म्हणून मी गप्प राहिलो. पण हेच बोलणे मी देवासला ऐकले आहे, उदयपूरला ऐकले आहे, आणि शिकलेल्या इंजिनिअरांच्या तोंडूनही ऐकले आहे. म्हणून उत्तर लिहूनच देतो.

आधी मिस्त्रीच्या कानाला नमस्कार. तो कान खरा आहे. बॉल मिलच्या ड्रमचा साधारण तिसरा हिस्सा लोखंडी गोळ्यांनी भरलेला असतो. आत माल कमी असला तर गोळा गोळ्यावर आणि गोळा ड्रमच्या आतल्या अस्तरावर, म्हणजे लायनरवर, आपटतो, आवाज खणखणीत येतो. माल वाढला की तोच आवाज दबतो, उशीवर बुक्का मारल्यासारखा होतो. सिमेंटच्या मोठ्या कारखान्यांनी मिस्त्रीचे हे शास्त्र उचलले, ड्रमशेजारी मायक्रोफोन बसवला आणि त्याला 'इलेक्ट्रिक इअर' असे भारदस्त नाव दिले. तेव्हा मिस्त्री अडाणी आणि कॉम्प्युटर शहाणा, असले काही मला म्हणायचे नाही. माझा प्रश्न एवढाच की कान काय सांगतो आणि काय सांगत नाही.

कान सांगतो ड्रम किती भरला आहे. ड्रममधून बाहेर पडलेला माल बारीक-जाडा वेगळा करणाऱ्या क्लासिफायरमध्ये गेला, त्यातला बारीक पोत्यात पडला आणि जाडा पुन्हा ड्रमकडे वळला, या परतीच्या वाटेवर काय चालले आहे ते कानाला कळत नाही. आणि पैसा तिथेच गळतो.

ड्रम फिरवणारी मोटर वीज खाते ती मुख्यतः गोळे उचलायला. दगड फोडायला म्हणून वेगळी वीज ती मोजून देत नाही. आत माल थोडा असो वा पुरेसा, मीटर जवळजवळ त्याच चालीने पळतो. दोन मीटर व्यासाचा ड्रम मिनिटाला साधारण ३० फेरे घेऊ लागला तर गोळे भिंतीला चिकटून नुसते गरगरतात, पडतच नाहीत. म्हणून त्याला २० ते २४ फेऱ्यांवर ठेवायचे, म्हणजे गोळे वर चढतील आणि मालावर कोसळतील. या चढउतारात जी वीज जाते तिच्यातला जेमतेम एखाददुसरा टक्का दगडाचा नवा पृष्ठभाग तयार करण्याच्या कामी येतो, बाकीची उष्णता, आवाज आणि झीज होऊन जाते. जगभर दगड फोडण्या-दळण्यात जगातल्या एकूण विजेपैकी २ ते ४ टक्के खर्च होतात असे अंदाज आहेत. तेव्हा टनामागे वीज वाचवायची असेल तर मोटरीकडे बघून फार काही साधत नाही. त्याच विजेत जास्त माल कसा बाहेर पडेल ते बघावे लागते. माल अडतो तो बहुतेक वेळा परतीच्या वाटेवर.

आता हिशोब. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, पण गिरणीत सापडावेत असेच आहेत. तीन ठिकाणचे नमुने घ्या: क्लासिफायरमध्ये जाणारा माल, तयार माल आणि परतीचा माल. तिन्ही वाळवा आणि २०० मेशच्या चाळणीवर चाळा. समजा तयार मालातला ९० टक्के चाळणीखाली गेला, आत जाणाऱ्यातला ४० टक्के आणि परतीतला २० टक्के. नव्वदातून चाळीस गेले, पन्नास. चाळिसातून वीस गेले, वीस. पन्नासाला विसाने भागा, अडीच. म्हणजे तुम्ही एक टन माल पोत्यात भरता तेव्हा अडीच टन माल मागच्या दाराने पुन्हा ड्रममध्ये शिरतो. यात घाबरण्यासारखे काही नाही. दगडाचा कठीणपणा मोजायची फ्रेड बाँड यांची जी प्रसिद्ध चाचणी आहे, तिच्यात मुद्दामच २५० टक्के माल फिरता ठेवतात. घाबरायचे ते पुढच्या ओळीला. त्या अडीच टनांतला वीस टक्के आधीच बारीक आहे. अडीच टनांचे वीस टक्के म्हणजे अर्धा टन. दर टनामागे अर्धा टन दळून झालेला माल पुन्हा दळायला जातो आहे! वीस टनांच्या गिरणीत रोज दहा टन. गोळे त्या पिठावर आपटत राहतात, जाडा खडा तसाच सुटतो, आणि मिस्त्रीला आवाज ऐकू येतो अगदी बरोबर भरलेल्या ड्रमचा.

हे ऐकून स्नेही म्हणतील, "मग क्लासिफायरचा वेग बदलतो, झालं." बदला की. इथेच कॉम्प्युटरची गरज लागते, हौसेखातर कोणी त्याला बोलावत नाही. क्लासिफायर बदलला की परतीचा माल बदलतो. परत बदलली की ड्रममध्ये जाणारा एकूण माल बदलतो, तो आत किती वेळ थांबतो ते बदलते, मग बाहेर पडणाऱ्याचा बारीकपणा बदलतो, आणि तोच माल पुन्हा त्या क्लासिफायरसमोर येऊन उभा राहतो. सापाने आपली शेपटी तोंडात धरावी तसे हे वर्तुळ आहे. एक चकती फिरवली की नवा तोल बसायला वेळ जातो, आणि तेवढ्यात भरलेली पोती गिऱ्हाईक परत पाठवते. असे पाच बदल करून बघायचे तर महिना जाईल. कागदावर हे वर्तुळ फिरवत बसलात तर संध्याकाळ होईल. कॉम्प्युटर ते क्षणात हजार वेळा फिरवून तोल कुठे बसतो ते सांगतो. सिम्युलेशनचे काम म्हणतात ते मुख्यतः हेच.

त्याच्या पोटात काय असते? माझ्या आजीला ते कॉम्प्युटरशिवाय कळत होते. मोठी मूठ वैरली की भरड पडते, बारीक वैरले की पीठ मऊ येते पण हात भरून येतात आणि पीठ तापते. जाते गुळगुळीत झाले की टाकी लावायला माणूस बोलवायचा. मॉडेल याच गोष्टी आकड्यांत मांडते. मालाची आकारावार जनगणना करायची, आणि प्रत्येक आकाराच्या खड्यांना दोनच प्रश्न विचारायचे. मिनिटाभरात तुमच्यातले किती फुटणार? फुटल्यावर कुठल्या आकाराची पोरे होणार? ही उत्तरे थोड्याशा मालावर, लहान ड्रममध्ये, प्रयोग करून मिळतात. मग घरी येणारे, घर सोडणारे आणि फुटून खालच्या घरात जाणारे यांची बेरीज-वजाबाकी. मोठमोठी नावे लागली असली तरी मूळ गणित खानेसुमारीचेच.

आता 'चित्रातल्या चुलीवरचा भात'. हा शेरा मुंबईत कोणी मारला असता तर सोडून दिला असता. पण उज्जैनमध्ये? ज्या गावावरून जुन्या ज्योतिषातल्या सिद्धान्तग्रंथांची मध्यरेषा जाते त्या गावात बसून गणिताने केलेल्या नकलेला हसायचे?

शिप्रेजवळची आपली वेधशाळा बघा. सवाई जयसिंहांनी ती बांधली, पुढे ती मोडकळीला आली आणि १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांनी दुरुस्त करवून घेतली. गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक होते. तिथून दरवर्षी ग्रहांच्या स्थितीचे पंचांग निघते. उद्या मंगळ कुठे असेल ते आज कागदावर मांडायचे, हे सिम्युलेशन नाही तर काय आहे? आकाशाला दोरी बांधून ओढून तर कोणी बघितले नाही. आपल्याकडच्या करणग्रंथांची, म्हणजे ग्रहगणिताच्या सोप्या पुस्तकांची, सगळी परंपरा याच कामाची. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी 'ग्रहलाघव' मांडला त्याला ५०० वर्षे झाली. ज्या-चापांची, म्हणजे त्रिकोणमितीची, कटकट काढून टाकून, सामान्य जोश्याला जमेल असे गणित त्यांनी दिले. म्हणजे जड मॉडेल हलके करून गावागावांत पोचवले. आणि गणित आकाशाशी जुळेनासे झाले की काय करायचे, तेही ठरलेले होते: बीजसंस्कार. वेध घ्यायचा, फरक काढायचा, आकडे सुधारायचे. टिळकांच्या काळात पंचांगावरून जे रण माजले तेही यावरूनच की गणिताला दृक्प्रत्यय हवा, डोळ्यांना दिसते त्याच्याशी ते जुळले पाहिजे.

वेधशाळेतल्या सम्राट यंत्रापाशी उभे राहिलात तर सावली जी वेळ दाखवते ती तुमच्या मनगटावर नसते. उज्जैन ७५ अंश ४६ कलांवर, देशाचे घड्याळ साडेब्याऐंशी अंशांवर. साधारण २७ मिनिटांचा फरक तिथेच पडतो, शिवाय सूर्याच्या वर्षभराच्या कमीजास्त चालीचा वेगळा. या फरकांचा तक्ता लावून वेळ काढायची. म्हणून यंत्र खोटे असे कोणी म्हणत नाही. गिरणीच्या मॉडेलला तक्ता लावावा लागतो म्हटले की मात्र आपण म्हणतो, "बघा, शेवटी चुकलेच ना!"

ऑस्ट्रेलियाचे म्हणाल तर तिथे १९६० च्या दशकात माउंट आयसाच्या खाणीवर लिंच यांच्या मंडळींनी हे शास्त्र कारखान्यात उभे केले, हे खरे. पण हायड्रोसायक्लोन या पाण्यावर चालणाऱ्या क्लासिफायरचे जे मॉडेल जगभर 'लिंच-राव' म्हणून ओळखले जाते, त्यातले राव म्हणजे आपले टी. सी. राव. ते पुढे भोपाळच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेचे संचालक होते. इथून भोपाळ चार तासांवर आहे. ड्रममधल्या एकेका गोळ्याची उडी कॉम्प्युटरवर मोजायची रीत १९९२ मध्ये मिश्रा आणि राजमणी यांनी मांडली. त्यातले बी. के. मिश्रा नंतर आयआयटी गोव्याचे संचालक झाले. पुण्यात टाटांच्या संशोधन केंद्रात पी. सी. कपूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच विषयावर काम केले. भारतीय खाण ब्यूरो तर नागपुरातच आहे. परक्यांचे म्हणून नाके मुरडायची सोयच उरलेली नाही.

आता माझ्या बाजूची खरकटी भांडी. सिम्युलेशन विकणाऱ्यांवर माझा राग स्नेह्यांवरच्या रागापेक्षा जास्त आहे. लॅपटॉपवर निळे-लाल गोळे उडताना दाखवतात, दुपारच्या जेवणाआधी वीस टक्के वीज वाचवून देतात, आणि तुमच्या मालाचा एक चमचाही चाळलेला नसतो. मालाची जात बदलली, लायनर झिजून गुळगुळीत झाले, दमट हवेत पावडर गोळ्यांना चिकटून बसली की ती रंगीत चित्रे कुचकामी. एकदा मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. एका कारखान्यासाठी मॉडेल केले, आकडे सुरेख जुळले, आणि प्रत्यक्षात तयार माल जाडा यायला लागला. चार दिवस गणितात चूक शोधली. चूक फावड्यात होती. नमुना ढिगाच्या माथ्यावरून घेतला होता. जाडे खडे घरंगळत पायथ्याशी जातात, हे खडीचा ढीग बघितलेल्या पोरालाही ठाऊक असते, आणि मी ते पोराला विचारले नव्हते. तेव्हापासून पट्टा थांबवून, पट्ट्याची पूर्ण रुंदी कापून घेतलेला किंवा पडती धार पूर्ण कापून घेतलेला नमुना सोडला तर दुसऱ्या कशावर मी विश्वास ठेवत नाही. मिस्त्रीने हाताने घेतलेला चांगला नमुना हा त्या पडद्यावरच्या सिनेमापेक्षा मोलाचा आहे. पण स्नेही म्हणतात तसा तो सिनेमाच्या विरुद्धचा पुरावा होत नाही. त्याच्याशिवाय मॉडेल सुरूच होत नाही.

दुसराही एक हिशोब सांगून टाकतो, कारण त्यात व्यापारी स्वतःहून फसतात. गिऱ्हाईक म्हणते, २०० मेशऐवजी ३२५ मेश द्या, किलोमागे थोडे जास्त देऊ. मालक खूश. दळायला किती वीज लागेल ते सांगणारे बाँड यांचे सूत्र लावून बघा: दोन मिलिमीटरचा माल घेऊन त्याचा ८० टक्के भाग ७५ मायक्रॉनखाली (२०० मेश) न्यायचा सोडून ४५ मायक्रॉनखाली (३२५ मेश) न्यायचा तर टनामागे सुमारे ३६ टक्के जास्त वीज लागते. आणि एवढ्या बारीक मालाला हे सूत्र खर्च कमीच सांगते, प्रत्यक्षात आणखी लागते. शिवाय त्याच ड्रममधून दिवसाचे टन कमी होतात ते वेगळेच. हे गणित पोस्टकार्डावर मावते. तरी किती जणांनी भाव ठरवण्याआधी ते केले असेल?

राहिला माणसे घरी बसण्याचा मुद्दा. हा ऐकला की माझा पारा चढतो, आणि चढू द्यायला माझी हरकत नाही. या धंद्याने माणसांना घरीच बसवले आहे, फक्त वेगळ्या तऱ्हेने. मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणाऱ्यांची छाती दगडाच्या धुळीने इतकी भरली की १९८२ मध्ये राज्याला त्यांच्यासाठी कल्याण निधीचा वेगळा कायदा करावा लागला. झाबुआ, अलिराजपूर, धारचे आदिवासी गोध्र्याकडच्या क्वार्ट्झच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस हा धुळीचा आजार घेऊन परतले. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये त्यांतल्या २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये द्या असे गुजरात सरकारला सांगितले. ते पैसे द्यायला लावण्यासाठी २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाचा आदेश लागला. हीच ती माणसे, ज्यांच्या हाताला काम राहावे म्हणून कॉम्प्युटर नको. पोत्याचे तोंड धरून पांढऱ्या ढगात उभे राहायचे काम!

सिम्युलेशनने सिलिकोसिस थांबतो असे मी म्हणणार नाही. तो थांबतो झाकलेल्या चुटींनी, चालू ठेवलेल्या बॅगफिल्टरने, पाण्याने, आणि मालकाने स्वतः आठवडाभर पॅकिंगला उभे राहून बघितले तर लाजेने. पण एवढे खरे की फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसते ती धूळ काही मायक्रॉनांची असते, आणि दळून झालेला तो रोजचा दहा टन माल जेव्हा पुन्हा गोळ्यांखाली जातो तेव्हा नेमकी तीच धूळ जास्त तयार होते. तिला गिऱ्हाईक नाही, तिचा भाव नाही, तिच्यावर वीज खर्च झालेली आहे, आणि बॅगफिल्टर फाटलेला असला तर ती कोणाच्या तरी श्वासात जाते. मॉडेल हा आकडा काढून दाखवू शकते. वीजबिलात तो दिसत नाही आणि ड्रमच्या आवाजातही ऐकू येत नाही. रोजगाराचे म्हणाल तर दर पाळीला नमुने घेणारा, चाळणारा, नोंदी ठेवणारा एक माणूस जास्तच लागतो. त्या माणसाला ड्रमचा आवाजही कळत असेल तर सोन्याहून पिवळे. म्हणून मी आपल्या मिस्त्रीला सोडायला नव्हे, त्याचा पगार वाढवायला सांगतो आहे.

आणि 'आम्ही वीस टनवाले'. परवडत नाही ते काय, हे तरी ठरू दे. महागडे सॉफ्टवेअर नका घेऊ, मीही घेतलेले नाही. तीन नमुन्यांचा हिशोब मुलाच्या वहीत होतो. वर्तुळ फिरवायला घरातल्या लॅपटॉपवरची एक्सेलची शीट पुरते, आणि ती मांडून द्यायला इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातली शेवटच्या वर्षाची मुले प्रोजेक्ट शोधत दारोदार फिरत असतात. मोठ्या कारखान्याला टनामागे दोन युनिट वाया गेले तर चालून जाते, त्याचे पोट मोठे आहे. वीस टनवाल्याला ते चालत नाही, म्हणून हिशोबाची गरज त्याला आधी.

तेव्हा भाऊसाहेब, येत्या रविवारी मिस्त्रीला घेऊन या. किलो-किलोच्या तीन पिशव्या आणा: एक क्लासिफायरच्या तोंडाशी घेतलेली, एक तयार मालाची, एक परतीची. गिरणी चालू असताना, एकाच तासात, पूर्ण धार कापून घ्या, ढिगावरून नको. चाळणी माझ्याकडे आहे.